टेम्पेचं पाकीट, मालांगच्या नजरेतून

सोसायटीच्या गेटवरून वॉचमनकाकांचा फोन येतो, "वहिनी, तुमचा टेम्पो आलाय." मी खाली जाते आणि थर्माकोलच्या डब्यातून २०० ग्रॅमचं एक पांढरं, चौकोनी, गार पाकीट घेऊन वर येते. टेम्पो नव्हे, टेम्पे. मी इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मालांगची. लग्न होऊन २०११ साली दादरला आले, तेव्हा आमच्या आजूबाजूला हा शब्द कुणी ऐकलेलाही नव्हता. आता मोबाईलवर मागवलं की घरी येतं. एका लहान उत्पादकाचं पाकीट मी गेलं वर्षभर पंधरा दिवसांआड घेते आहे, त्याचाच हा अभिप्राय. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, पण कुणाचा धंदा बसावा असं मला वाटत नाही, आणि मी जे सांगणार आहे ते मी आणून बघितलेल्या इतर पाकिटांनाही लागू पडतं.

ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोयाबीन भिजवायचं, चोळून सालं काढायची, शिजवायचं, निथळून कोरडं करायचं आणि त्यात रायझोपस नावाच्या बुरशीचं विरजण मिसळायचं. उबेला ठेवलं की दीड-दोन दिवसांत पांढरे धागे दाण्यादाण्यात शिरतात आणि सगळ्याची एक घट्ट लादी होते. सुरीने कापली तर दाणे सुटत नाहीत. टोफू वेगळं. ते सोयाच्या दुधाचं पनीर, त्यात चोथा टाकून देतात. टेम्पेत दाणा अख्खा राहतो, म्हणून दाताखाली काहीतरी लागतं. वास ताज्या अळंब्यांचा आणि थोडासा उकडलेल्या ओल्या शेंगांचा. बुरशी म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना माझ्या सासूबाई एकच उत्तर देतात, "मग दही कशाचं असतं ग?"

आता मी ज्या टेम्पेवर वाढले त्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तुलना त्याच्याशीच होणार. मालांग डोंगराळ भागात, हवा थंड. तिथल्या सानान वस्तीत घरोघरी टेम्पे बनतं आणि त्याच्या पातळ कुरकुरीत चकत्या पाहुण्यांना गावची भेट म्हणून देतात, आपल्याकडे सातारचे कंदी पेढे देतात तसं. आमच्या गल्लीत सकाळी एक बाई सायकलवर टेम्पे घेऊन यायच्या. केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या. त्या इबुला, म्हणजे माझ्या आईला, विचारायच्या, "आज खाणार की उद्या?" आजची पुडी पांढरी आणि घट्ट असायची. उद्याची अजून कोवळी, पानाच्या घडीतून दाणे दिसायचे, ती ओट्यावर ठेवून द्यायची आणि रात्रभरात ती आपोआप तयार व्हायची. हाताला लावली तर कोमट लागायची. लहानपणी मला वाटायचं पुडीत एखादं पिल्लू झोपलंय. नंतर शाळेत कळलं की बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते.

मुंबईच्या पाकिटात मला पहिल्यांदा जाणवलं ते हेच, की ते थंड आहे. बनवणारे टेम्पे तयार झालं की वाफवतात, हवा काढून जाड प्लास्टिकमध्ये सील करतात आणि थेट फ्रीजला लावतात. त्यांची अडचण मला समजते. जिवंत टेम्पे दुकानात दोन दिवसांत पुढे सरकतं, तिसऱ्या दिवशी त्यावर काळपट ठिपके येतात आणि गिऱ्हाईक पाकीट परत करतं. वाफवलं की बुरशी मरते आणि माल महिनाभर टिकतो. पण वासाचा अर्धा भाग त्या वाफेबरोबर निघून जातो. पाकीट कापलं की मी दर वेळी नाक जवळ नेते. आधी प्लास्टिकचा वास येतो, मग थोडा आंबूस, आणि दोन-तीन मिनिटं ताटलीत उघडं ठेवलं की हळूहळू अळंब्यांचा. त्या तीन मिनिटांची मी वाट बघते.

लादी मात्र चांगली आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. मधोमध कापली तर आतही पांढरे धागे गच्च भरलेले असतात, कुठे पोकळी नाही. दाण्यांची सालं जवळजवळ सगळी काढलेली आहेत. हे काम किचकट आहे. आमच्याकडे पूर्वी भिजलेलं सोयाबीन टोपलीत घेऊन पायांनी तुडवायचे. ज्यांनी सालं तशीच ठेवली असं एक पाकीट मी दुसरीकडून आणलं होतं, ते खाताना भुशासारखं लागलं. यांच्या टेम्पेचं पातळ काप करता येतं, चार मिलिमीटरचं सुद्धा, आणि ते तळताना मोडत नाही. टेम्पेची परीक्षा घ्यायची तर अशीच घ्यावी.

२०० ग्रॅमला २४० रुपये. इथे माझा जीव अडखळतो. इबु बाजारातून पाव किलोच्या आसपासची लादी साधारण ५,००० रुपियाला आणते, म्हणजे पंचवीस-तीस रुपये. जावात टेम्पे ही रोजची भाजी आहे, महिनाअखेरीची भाजी आहे, होस्टेलवरच्या पोरांचं जेवण आहे. इतकं साधं, की कणा नसलेल्या माणसाला आमच्याकडे 'मेंताल टेम्पे' म्हणतात, टेम्पेसारख्या मऊ मनाचा. आमचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो भाषणांत लोकांना सांगायचे की आपल्याला टेम्पे-राष्ट्र व्हायचं नाही. ते ऐकून मला लहानपणीही वाईट वाटायचं. ज्या लादीवर अख्खं बेट जगतं तिचं नाव शिवीसारखं का वापरावं?

आणि मुंबईत तेच टेम्पे जिमच्या काउंटरवर, फिकट हिरव्या पाकिटात, मोठ्या अक्षरांत 'प्रोटीन' लिहून विकतात. प्रोटीन आहे, खोटं नाही. १०० ग्रॅममध्ये १९ ग्रॅमच्या आसपास असतं. भिजवणं, शिजवणं आणि आंबणं यांतून गेल्यामुळे ते साध्या सोयाबीनपेक्षा पोटाला हलकं पडतं. सोयाच्या वड्या खाऊन ज्यांचं पोट फुगतं त्यांनी हे खाऊन बघावं. पण पाकिटाच्या मागच्या बाजूला 'बी-१२चा उत्तम स्रोत' असंही छापलंय आणि ते मला पटत नाही. टेम्पेतलं बी-१२ बुरशीतून येत नाही, वाटेत कुठले जीवाणू मिसळले त्यावर ते अवलंबून असतं. कधी असतं, कधी जवळजवळ नसतं. शाकाहारी माणसाने या एका ओळीच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत.

चवीचे तीन प्रकार मिळतात. साधं, पेरी-पेरी आणि तंदुरी. शेवटची दोन मी एकेकदाच आणली. मसाला वरच्यावर चोपडलेला, मीठ जास्त, आणि खाली टेम्पे आहे की दुसरंच काही हे ओळखू येत नाही. टेम्पेला मसाला आत मुरावा लागतो, आणि त्यासाठी ते मसाल्याच्या पाण्यात शिजवावं लागतं. साधंच घ्या.

आता तक्रार. गेल्या मे महिन्यात आलेलं पाकीट फुगलेलं होतं. डिलिव्हरीवाला पोरगा घामाने निथळत होता, डब्यातला बर्फ वितळून पाणी झालं होतं. कापलं तर वरून चिकट, गुलाबीसर डाग, आणि वास आंबट, सडका. काळे ठिपके वेगळे, ते बुरशीचे बीजाणू असतात आणि ते खाऊन काही होत नाही. गुलाबी आणि चिकट म्हणजे सरळ केराच्या टोपलीत. मी फोटो पाठवला. पैसे दुसऱ्या दिवशी परत आले, कुरकूर न करता. पण मी विचारलं की बनवल्याची तारीख पाकिटावर का नाही, फक्त 'यापूर्वी वापरा' एवढंच का, त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही. ताजेपणावर ज्या पदार्थाचं सगळं अवलंबून, त्याची जन्मतारीख लपवू नये.

त्या दिवशी मला बराच वेळ वाईट वाटत राहिलं. पैशांसाठी नाही. संध्याकाळी इबुला फोन करायचा होता आणि तिला 'आज टेम्पे केलंय' असं सांगायचं ठरवलं होतं. मालांग आपल्यापेक्षा दीड तास पुढे. मी ऑफिसमधून येऊन कुकर लावते तेव्हा तिथे रात्रीचं जेवण उरकलेलं असतं, आणि ती अंथरुणात पडून फोनची वाट बघत असते. तिचा पहिला प्रश्न नेहमी एकच, "सुदा माकान?" जेवलीस का? माझ्या सासूबाई घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारतात, त्यामुळे मला इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून एक प्रश्न तरी न शिकवता कळला.

जून लागला आणि पाऊस आला की या पाकिटाचे सगळे दोष मी विसरते. कारण मेंदोआन. मध्य जावातल्या बान्युमास भागाचा पदार्थ. तिथल्या बोलीत 'मेंदो' म्हणजे अर्धवट शिजलेलं. टेम्पेचे मोठे पातळ काप तांदळाच्या आणि थोड्या गव्हाच्या पिठात बुडवायचे. पिठात धने-लसूण वाटून, भरपूर पातीचा कांदा, मीठ. कढईत सोडायचे आणि लाल व्हायच्या आत काढायचे, मऊच राहिले पाहिजेत. पहिल्यांदा केले तेव्हा सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "अग कच्ची राहिलीत भजी, अजून होऊ दे." मी म्हटलं, "आई, ही अशीच असतात. खाऊन बघा तरी." त्यांनी एक तुकडा तोडला, खाल्ला, काही बोलल्या नाहीत. दुसरा घेतला. मग स्वतः जाऊन फ्रीजमधून हिरवी मिरची काढून आणली आणि घासागणिक चावू लागल्या. जावात मेंदोआन अगदी तस्संच खातात, कच्च्या तिखट मिरचीला चावत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. खिडकीबाहेर रस्त्यावर पाणी साचत होतं, लोकलचा भोंगा ऐकू येत होता, आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानेच आठ काप संपवले.

दुसरा प्रकार बाचेम. तो करायला वेळ हवा, रविवारीच जमतो. टेम्पेचे जाड तुकडे शहाळ्याच्या पाण्यात गूळ, धने, लसूण, चिंच घालून मंद आचेवर ठेवायचे, पाणी पूर्ण आटेपर्यंत. मग हलकेच तळायचे. इथे मला दोन गोष्टींची तडजोड करावी लागते. आमचा गूळ ताडामाडाचा, त्याला धुराचा वास असतो. कोल्हापुरी गूळ गोड आहे पण त्याला तो धूर नाही. आणि दाउन सालाम नावाचं पान मिळत नाही, तमालपत्र घालते, पण ते त्याचं काम करत नाही, नुसतं जागा भरतं. बाकी सगळं दादरच्या बाजारात आहे. सेरेह म्हणजे गवती चहा. लेंगकुआस म्हणजे कुलंजन, ओलं हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केटला जावं लागतं. तेरासी ही आमची वाळवून कुटलेल्या बारीक कोळंबीची लगदी. तिच्याऐवजी मी कोळणीकडचा जवळा भाजून, मिरच्या-लसणाबरोबर पाट्यावर वाटते. तो सांबल साध्या तळलेल्या टेम्पेवर ठेचून घातला की माझ्या नवऱ्याला दुसरं काही लागत नाही. नोकरीसाठी सुराबायाला होता तेव्हा तो रस्त्याकडेच्या गाडीवर हेच खायचा.

एक छोटी गोष्ट इथेच सांगते. सुरुवातीला मराठी बोलायची भीती वाटायची तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता मला शब्द विचारायच्या. तुमच्याकडे साखरेला काय म्हणतात? गुला. नवऱ्याला? सुआमी. बायकोला? इस्त्री. उपासाला? पुआसा. भाषेला? बाहासा. त्या हातातली गवार खाली ठेवून हसायला लागल्या, "अग, मग तू परकी कशी?" विरजणाला आम्ही रागी म्हणतो हे मात्र मी जपून सांगितलं, कारण त्यांच्या डब्यात नाचणीच्या पिठावर रागी लिहिलेलं होतं आणि त्यात सोयाबीन आंबायला ठेवलं तर काहीच झालं नसतं.

ते विरजण मला दर ऑगस्टला मिळतं. १७ ऑगस्ट १९४५ला इंडोनेशिया स्वतंत्र झाला, त्यामुळे भारताच्या झेंडावंदनानंतर बरोबर दोन दिवसांनी आम्हा इंडोनेशियन लोकांचं मुंबईच्या वाणिज्य दूतावासात झेंडावंदन असतं. तिथे भेटणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी घरून येताना पिशवीत विरजणाच्या पुड्या आणते. त्या एका पुडीवर माझं वर्ष निघतं. आणि म्हणूनच या पाकिटाची घरच्याशी तुलना मी करू शकते.

मुंबईची हवा टेम्पेसाठी अगदी नेमकी आहे. त्या बुरशीला तिशीच्या आसपासचं तापमान हवं असतं, आणि इथे वर्षातले बहुतेक महिने ते स्वयंपाकघराच्या फळीवर फुकट मिळतं. युरोपात राहणारी माझी मावसबहीण त्यासाठी दिवा लावलेली पेटी वापरते. मी लातूरकडचं सोयाबीन घेते, रात्रभर भिजवते, सालं चोळते, शिजवते, पंख्याखाली पंच्यावर पसरून पूर्ण कोरडं करते. पावसाळ्यात हीच पायरी चुकते, पाणी राहिलं की बुरशीऐवजी जीवाणू जिंकतात. चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर विरजण, आणि फूलबाजाराजवळून आणलेल्या केळीच्या पानात पुड्या. मे महिन्यात चोवीस तासांत होतं, डिसेंबरात छत्तीस लागतात. रात्री पाणी प्यायला उठले की पुडीवर हात ठेवून बघते. कोमट लागली की परत जाऊन झोपते.

गंमत म्हणजे इबुच्या टेम्पेतलं सोयाबीन बहुतेक अमेरिकेतून आलेलं असतं, कारण इंडोनेशियाला ते मोठ्या प्रमाणावर आयात करावं लागतं. २०२१च्या जानेवारीत भाव इतके चढले की जकार्ता आणि आसपासच्या टेम्पे-टोफूवाल्यांनी तीन दिवस काम बंद ठेवलं होतं. इबु फोनवर सांगत होती, बाजारात लादी नाही आणि लोकांना काय शिजवावं कळेना. आणि इथे, मराठवाड्यात पोत्यांनी पिकणारं सोयाबीन तेलाला आणि पेंडीला जातं. या पाकीटवाल्यांना माझं हेच मनापासून सांगणं आहे. दाणा तुमच्या दारात पिकतो, ऊब हवेत आहे, केळीचं पान दोन-चार रुपयांना मिळतं. आठवड्यातून एक दिवस तरी न वाफवलेलं, पानातलं, त्याच दिवशी विकायचं टेम्पे काढा. दादर-माटुंग्यात सकाळी दूध, इडलीचं पीठ, ओलं खोबरं घरपोच येतं, मग हे का नाही येणार? किंमत शंभराच्या आत आली तर माझ्या मजल्यावरच्या चार घरी मी स्वतः जाऊन करून दाखवीन.

तोवर हेच पाकीट घेत राहणार, कारण नोकरी सांभाळून दर आठवड्याला सालं चोळणं होत नाही. पाचपैकी साडेतीन तारे. लादीच्या घट्टपणासाठी आणि सालं नीट काढल्याबद्दल पूर्ण गुण, पैसे लगेच परत केल्याबद्दलही. कापलेला दीड तारा वाफवून घालवलेल्या वासासाठी, न छापलेल्या तारखेसाठी आणि त्या बी-१२च्या ओळीसाठी.

घेणार असाल तर पाकीट हातात आल्यावर आधी दाबून बघा, फुगलेलं असेल तर लगेच परत द्या. उघडल्यावर तीन मिनिटं ताटलीत राहू द्या. कच्चं खाऊ नका, आणि भाजीच्या रश्शात नुसतं सोडूनही देऊ नका; आधी मीठ-लसूण-धन्याच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग तळा किंवा तव्यावर परता. पहिल्यांदा करत असाल तर पातळ काप करून भजी करा, आणि ती लाल होऊ देऊ नका. बाजूला दोन हिरव्या मिरच्या ठेवा.